पुरुषाला गाळा नाही

बुलढाण्यातल्या एका घरमालकानं गाळा देतो, देतो म्हणत मला पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत झुलवलं आणि मग तो दुसऱ्याला दिला. फसवणारा तो, फसलेला मी. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्याकडची माणसं गोष्ट अर्धी ऐकतात आणि निकाल पूर्ण देतात.

फसलो याचा राग आहेच. पण खरा राग याचा आहे की मला भाव करण्यात फसवलं. भाव करणं हा माझा धंदा. बावीस वर्षं मी धाड, मोताळा आणि बुलढाण्याच्या आठवडी बाजारात बायकांचे गाऊन, परकर आणि स्कार्फ विकतो. माझा बाप दुसऱ्याच्या वावरात राबला. त्याच्याकडून मला वारशात फक्त तापट डोकं मिळालं, बाकी सगळं मी कमावलं. पहिला गठ्ठा जीपच्या टपावर टाकला तेव्हा मीही त्याच्याशेजारी टपावरच बसलो होतो. आज माझा स्वतःचा टेम्पो आहे. सुरतेच्या ठोक व्यापाऱ्याच्या दुकानातून मी रागानं उठतो, तो मला जिन्यावरून परत बोलावतो आणि मी परत येतो तो माझ्या भावावर.

बायकांचे कपडे विकणाऱ्या पुरुषाबद्दल लोकांचं एक मत असतं आणि ते चांगलं नसतं. सुरुवातीला बायका माझ्यासमोरून मान वळवून जायच्या आणि त्यांचे नवरे मान न वळवता उभे राहायचे. एकानं तर तोंडावर विचारलं, बाबा, तुला दुसरं काही सुचलं नाही का? मी म्हटलं, सुचलं होतं, पण बैल विकायला आधी बैल लागतो.

मग मी काही नियम केले. गिऱ्हाइकाकडे बघायचं नाही, मालाकडे बघायचं. माप विचारायचं नाही. धाडच्या बाजारात कोणतीही बाई स्वतःसाठी गाऊन घेत नाही, सगळ्या जावेसाठी घेतात. मी फक्त विचारतो, "जाऊ तुमच्याएवढीच का?" ती म्हणते, "हाव, माह्याएवढीच. जराशीक जाड असन." मी एक नंबर मोठा काढतो आणि कोणाचीच लाज जात नाही. घरात एकटीच सून असलेल्या बायकाही माझ्याकडून वर्षानुवर्षं जावेसाठी गाऊन नेतात.

एवढं करूनही संशय जात नाही. एसटीत बाईशेजारची जागा रिकामी असली तरी मी दांडा धरून उभा राहतो. तक्रार करत नाही, कारण बाजाराच्या गर्दीत काही पुरुष कसे वागतात हे मी जेवढं पाहिलंय तेवढं कोणी पाहिलं नसेल. त्यामुळे कोणी पुरुषांबद्दल वाईट बोललं की मी वाद घालत नाही, मान हलवतो. या मान हलवण्यानंच माझा घात केला.

गेल्या उन्हाळ्यात मोताळ्याच्या बाजारात वावटळीनं माझी ताडपत्री उचलली. अकरा गाऊन शेजारच्या कांद्याच्या ढिगावर पडले आणि दोन थेट लिंबाच्या झाडावर जाऊन बसले. ते काढायला कोणी चढेना, पण बघायला सगळा बाजार जमला. माझी बायको खाली उभी राहून वर बघत होती. ती एवढंच म्हणाली, की आता शटर घ्या, नाहीतर मी बाजारात येणं बंद. ती बंद म्हणजे अर्धा धंदा बंद. पुढच्या लग्नसराईचा मालही मी सांगून ठेवला होता. तो उतरवायला छप्पर हवं होतं, आणि खरं सांगायचं तर पन्नाशीच्या आत एकदा मला स्वतःच्या किल्लीनं स्वतःचं शटर वर करायचं होतं.

बसस्टँडपासून पाच मिनिटांवर एक दुमजली घर आहे. खाली तीन गाळे, त्यातला एक रिकामा. मालक साठीचे, गावाकडे भरपूर शेती, एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. मी त्यांना काकाजी म्हणायचो, ते मला भाऊ म्हणायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी गाव विचारलं. मी सांगितलं. मग गावात कुठं राहता, ते विचारलं. विहाराच्या मागं, असं मी सांगितलं. त्यावर काकाजी म्हणाले, "आपल्याकडं तसं काही नाही बरं, भाऊ. आपण सगळ्यायले मानतो." मी तसं काही आहे असं म्हटलंच नव्हतं. पण मोठा माणूस न विचारता सांगतो आहे म्हणून मला बरंच वाटलं. मग त्यांनी धंदा विचारला. गाऊन म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, जसा घाटात अडकलेल्या ड्रायव्हरचा पुढचा ट्रक हलल्यावर होतो.

"मंग अवघड हाय," ते म्हणाले. "वर माह्या दोन सुना राह्यतात. समोर पोरींची ट्युशन. अन् खाली पुरुष माणूस बायकायचे कपडे इकून राह्यला. तुमचं सोडा, भाऊ, तुमी चांगले. पण पुरुषाचा आजकाल भरोसा नाही."

मी मान हलवली.

समोरचा नाही म्हणाला की मला हुरूप येतो, कारण नकारापासूनच भाव सुरू होतो. मी हिशेब केला की या माणसाची अडचण पुरुष ही आहे. तर मग पुरुष थोडा थोडा कमी करत जाऊ. दुसऱ्या भेटीत मी बायकोला पुढं केलं. गल्ल्यावर ती बसेल, मी बाजार करीन. ते म्हणाले, बाई ठीक आहे, पण तुम्ही येणार-जाणारच. मी म्हटलं, आठवड्यातून दोनदा, तेही मागच्या दारानं. मागचं दार आमच्या अंगणात उघडतं, ते म्हणाले. मग पुढच्याच दारानं, मी म्हटलं, पण दुपारी, सुना झोपलेल्या असतील तेव्हा. त्यावर त्यांनी विचारलं, "सुना दुपारी झोपतात हे तुमाले कसं माईत?" मी चप्पल घातली आणि त्या दिवसाचा भाव तिथंच सोडला. माझ्या बाबतीत असं फार क्वचित होतं.

तिसऱ्या भेटीत मी कॅमेरा बसवायचं कबूल केलं. चौथ्या भेटीत त्यांनी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला, आणि मी तोही कबूल केला.

ही सगळी बोलणी अंगणात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चालायची. भाद्रपदात काकाजी म्हणायचे हवा छान आहे, थंडी पडल्यावर म्हणायचे ऊन छान आहे. एकदा धो धो पाऊस आला तेव्हा आम्ही दोघं त्याच रिकाम्या गाळ्याच्या पायरीवर शटरला पाठ लावून अर्धा तास भिजलो. शटरची किल्ली त्यांच्या खिशात होती. मला वाटलं, शेतकरी माणूस आहे, पावसाची आवड असेल.

दाखला काढायला गेलो तर हवालदारानं विचारलं, कशासाठी पाहिजे? नोकरी? पासपोर्ट? मी म्हटलं, गाऊन विकायला. त्यानं पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली. तेच मला तीन टेबलांवर सांगावं लागलं आणि दर टेबलावर ऐकणारे वाढत गेले. शेवटी दाखला मिळाला. माझ्यावर कोणताही गुन्हा नाही असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी त्याचं लॅमिनेशन केलं.

काकाजींनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, हे पोलिसांचं झालं, बायकांचं तुमच्याबद्दल काय मत आहे? मी चिडलो, पण गाळा डोळ्यांसमोर होता. धाडच्या बाजारात माझी एक जुनी गिऱ्हाईक आहे, शाळेत शिक्षिका. तिनं पत्र लिहून दिलं आणि त्यावर एकोणीस बायकांच्या सह्या घेतल्या. पत्र असं होतं: "आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला सदर इसमाकडून बरीच वर्षे आपापल्या जावांसाठी कपडे घेत आहोत. त्यांची नजर चांगली आहे. माल टिकतो. भाव मात्र ते पहिल्यांदा कधीच खरा सांगत नाहीत." शेवटचं वाक्य काढा म्हणून मी विनवलं, पण बाई म्हणाल्या, सही खोट्यावर होत नसते.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा बायको भाकरी थापत होती. मी तिला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तो तुमाले पुरुष म्हणून नाही म्हणते, असं वाटते का तुमाले?"

मी म्हटलं, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

"तुमी बी त्या फरशीवाल्याले असंच सांगतलं होतं."

ती गोष्ट मी विसरलो होतो, निदान विसरायच्या बेतात होतो. आमच्या घरामागं एक खोली आहे. दोन वर्षांपूर्वी फरशी बसवणारा एक बिहारी माणूस ती भाड्यानं मागायला आला. मी त्याला म्हटलं, एकट्या पुरुषाला देत नाही, घरात पोरी आहेत. त्यानं हात जोडले आणि गेला. पुढच्याच महिन्यात मी ती खोली आमच्यातल्या एका तरुण ग्रामसेवकाला दिली. तोही पुरुष होता, तोही एकटाच होता, आणि पोरी घरातच होत्या.

मी म्हटलं, ते वेगळं होतं. ती म्हणाली, काय वेगळं होतं? मी म्हटलं, वेगळं म्हणजे वेगळं, तू वाढ. तिनं वाढलं, पण भाजी कमी वाढली.

दिवाळीच्या आगेमागे नगरपालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं. काकाजी कित्येक वर्षं त्या वॉर्डावर डोळा ठेवून होते. सोडत निघाली आणि वॉर्ड महिलेसाठी राखीव झाला. मी गेलो तर ते अंगणात असे बसलेले की मला वाटलं घरात कोणी वारलं. मी चप्पल काढून हळूच बसलो.

"पुरुषाले काही किंमत नाही राह्यली, भाऊ," ते म्हणाले. "जल्मभर सतरंज्या उचलल्या, अन् चिठ्ठी निघाली बाईची."

मला मनापासून वाईट वाटलं. मी म्हटलं, काकाजी, मलाही पुरुष म्हणूनच गाळा मिळत नाही ना.

"थेच तं," ते म्हणाले. "आपलं दोघायचं दुःख एकच हाय."

त्या दुपारी आम्ही तासभर पुरुषांच्या नावानं गळे काढले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. सोयरिकीत मुलीकडच्यांच्या अटी, की मुलगा नोकरीवाला पाहिजे आणि शेतीही पाहिजे, पण शेतात जायला नको. भांडण कोणाचंही असो, पहिला संशय बाप्यावर. काकाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बाजारातल्या माणसाशी कोणी इतकं मन मोकळं करत नाही, आणि मी तर गाळ्याची गोष्टही त्या दिवशी काढली नाही. इतका मी त्यांच्या दुःखात सामील झालो होतो.

आठवडाभरात काकाजींनी बायकोला उभं केलं. ज्यांना सगळी गल्ली काकू म्हणायची त्या फलकावर ताई झाल्या आणि काकाजी स्वतः त्यांना लोकांसमोर ताई म्हणू लागले. फलकावर ताईंचा फोटो तळहाताएवढा होता आणि शेजारी काकाजी कमरेपासून वरपर्यंत, हात जोडलेले. अनोळखी माणसाला वाटलं असतं, उमेदवार तेच आहेत आणि ही त्यांची बहीण.

त्या वॉर्डात आमची एक मोठी वस्ती आहे. माझ्या बायकोचं माहेर तिथलंच. हे काकाजींना कसं कळलं कोण जाणे, पण कळल्याबरोबर त्यांचा नमस्कार बदलला. रस्त्यापलीकडून मला पाहिलं की ते असा खणखणीत "जय भीम" घालायचे की पानटपरीवरची माणसं वळून बघायची. मी भाव ओळखला. आता गरज त्यांना होती.

मी सांगितलं, वस्तीत ताईंना मी घेऊन जातो, पण आधी गाळ्याचं बोला. पहिल्या संध्याकाळी माझ्या सासऱ्याच्या दारात सतरंजी अंथरली होती. ताई सतरंजीवर बसल्या होत्या, आमच्या बायका भोवती, काकाजी खांबाला टेकून उभे. ते सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ताई निवडून आल्या का किल्ली तुमच्या हातात, भाऊ. पुरुष-बिरुष सोडा आता. आपला शब्द हाय." ताईंनी वर पाहिलं, पण बोलल्या नाहीत.

सात दिवस रोज संध्याकाळी आम्ही वस्ती फिरलो. बायका ताईंना नळाचं विचारायच्या, नालीचं विचारायच्या, आणि उत्तर काकाजी द्यायचे. माझी मावससासू एकदा वैतागून म्हणाली, "बाईले तं बोलू द्या." ताईंनी फक्त पाणी मागितलं. पेल्यानं पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पेला स्वतः उठून मोरीत नेऊन ठेवला. काकाजींच्या घरातलं आमच्याकडे पाणी पिणारं तेवढं एकच माणूस. वस्तीतल्या बायकांनी मत दिलं ते त्या पेल्याला दिलं, काकाजींच्या भाषणाला नाही. थोड्याच मतांनी, पण ताई निवडून आल्या. गुलालात काकाजी एवढे रंगले की ताई कुठं आहेत ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

निकालानंतर पंधरा दिवस काकाजी सत्कारात होते. संक्रांतीचा सण झाला आणि लगेच मी टेम्पोत माल भरला. वर काउंटर बांधलं, पुढं बायकोला बसवलं, नारळ घेतला, दाखला आणि पत्र पिशवीत घातलं आणि गेलो. गाळ्याचं शटर उघडं होतं. मला वाटलं, माझ्यासाठीच उघडून ठेवलंय. आत एक मिशीवाला तिशीचा माणूस शिडीवर उभा राहून हँगरला गाऊन अडकवत होता. बाहेर पाटी: लेडीज वेअर.

काकाजी खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. मी विचारलं, हा कोण?

"आमचा भाचेजावई होय."

"पुरुष हाय ना?"

"म्हंजे?"

"नाही, म्हटलं खात्री करावी. वर सुना, समोर ट्युशन."

"घरचा हाय थो."

मी पिशवीतून दाखला काढला. मी विचारलं, याचा असा दाखला कुठं आहे? एकोणीस बायकांच्या सह्या कुठं आहेत? हा मागच्या दारानं येतो की पुढच्या? भाचेजावई शिडीवरून खाली उतरला, पण हातातला गाऊन त्याला कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून तो पोटाशी धरून उभा राहिला. माप बघितलं तर एक्सएल होता आणि शिवण उसवलेली होती. असला माल मी धाडच्या बाजारात फुकटही देणार नाही.

काकाजी उठून जवळ आले आणि समजूत घातल्यासारखं हळू बोलले. "हे पाहा भाऊ, राग मानू नका. तुमचं वेगळं हाय. उद्या भाड्यावरून दोन शब्द इकडचे तिकडे झाले, तं तुमचे लोक सरळ केस करतात. घरच्या माणसाचं तसं नाही."

टेम्पोतून माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघणं टाळलं.

मी आयुष्यात कोणावर केस केली नाही. मी ओरडतो, एवढंच. आणि तेव्हा मी ओरडलो. पाच महिने मी पुरुषाचा भाव करत होतो. दाखला आणला, सह्या आणल्या, स्वतःला आठवड्यातून दोन दुपारींवर आणून ठेवलं, आणि त्या माणसानं खरी अडचण मांडलीच नाही, कारण तिच्यावर घासाघीस होणार नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून, विहाराच्या मागं राहतो म्हटल्यापासून ठाऊक होतं. पुरुषाचा भरोसा नाही असं म्हटलं तर ऐकणारा मान हलवतो. दुसरं कारण म्हटलं असतं तर वस्तीतलं एक मत पडलं नसतं. एवढा साधा हिशेब, आणि सुरतेच्या व्यापाऱ्याला जिन्यावरून परत बोलवायला लावणाऱ्या मला तो कळला नाही. हे सगळं मी याच क्रमानं बोललो की नाही ते आठवत नाही. पण मोठ्यानं बोललो, कारण दोन्ही सुना गॅलरीत आल्या आणि ट्युशनच्या सगळ्या खिडक्या भरल्या.

काकाजी जमलेल्या लोकांकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "पाहा. म्हणूनच म्हणत होतो, बायकायच्या दुकानात असा पुरुष नको."

आणि लोकांनी मान हलवली.

तेवढ्यात वर ताई आल्या. आत हळदीकुंकू चाललेलं असावं, कारण हातात तिळगुळाची वाटी होती. मी खालून म्हणालो, "ताई, वस्तीत मत मी तुमच्या नावानं मागतलं. तुमी सांगा, हे काय झालं?"

"तिले काय विचारता, मले विचारा," काकाजी म्हणाले.

"तुमाले नाही विचारत. तुमाले तं सोडतीनंच खाली बसवलं."

गर्दीत दोघं-तिघं हसले. एक सूनही हसली असं माझी बायको सांगते. ताईंनी काकाजींकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं, त्यातल्या गठ्ठ्यांवर चढवलेल्या काउंटरकडे पाहिलं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण आतून कोणी बायका हाका मारत होत्या, आणि त्या आत गेल्या.

माल सध्या माझ्या सासऱ्याच्या पडवीत पडून आहे आणि बाजारात पुन्हा ताडपत्री लागली आहे. त्या दिवसानंतर तीनदा मी त्या घरी गेलो. तीनही वेळा काकाजीच बाहेर आले आणि म्हणाले, ताई मीटिंगमध्ये आहेत.

म्हणून लिहून विचारतो. ताई, गाळा कोणाला द्यायचा हा मालकाचा हक्क आहे, ते मला मान्य आहे. पण माझ्या सासऱ्याच्या दारात, आमच्या बायकांमध्ये तुम्ही बसलेल्या असताना, तुमच्या निवडणुकीसाठी शब्द दिला गेला आणि तुम्ही तो ऐकलात. तो शब्द तुमचा होता की नव्हता? नव्हता, तर तेव्हा गप्प का बसलात? होता, तर मला नाकारलं ते पुरुष म्हणून की विहाराच्या मागं राहणारा म्हणून? त्याच सतरंजीवर येऊन, त्याच बायकांसमोर, स्वतःच्या तोंडानं उत्तर द्या. यजमानांना पाठवू नका. त्यांचं उत्तर मी ऐकलं आहे.